बर्फखान्याची बाहेरची कडी

१

रावसाहेब दरेकर उंबऱ्यावर मेले. कंबरेखालचं शरीर कॉम्प्रेसरच्या खोलीत, वरचं धड बाहेर. डोळे उघडे होते, पण बुबुळं दुधाळ पांढरी पडली होती. ओठ सुजून फाटले होते आणि तोंडाभोवतीची कातडी भाजल्यासारखी सोलून आली होती. आग मात्र कुठेही लागली नव्हती.

त्यांना मारलं ते अमोनियानं. खराडीत चहूबाजूंनी काचेच्या कंपन्या उभ्या राहिल्या, पण दरेकरांचा बर्फाचा कारखाना जागचा हलला नाही, आणि लाद्या गोठवायला तिथे अमोनियाच वापरतात. त्या रविवारी सकाळी मी पोहोचले तेव्हा अग्निशमनवाले पाण्याचे फवारे मारत होते. पाणी हा गॅस अक्षरशः पिऊन टाकतं, म्हणून फवारे. तरीही फाटकापाशीच माझे डोळे झोंबायला लागले आणि घसा आवळला.

मी राजनंदिनी घाटपांडे, पोलीस निरीक्षक. बाईंची जीभ लाठीपेक्षा जास्त लागते, असं ठाण्यात माझ्यामागे बोलतात. त्या सकाळी मी दोन्ही वापरल्या, कारण आवारात दुसरा माणूस मारायचं काम जोरात चालू होतं.

गावातली दहाबारा पोरं एका म्हाताऱ्याला तुडवत होती. तो दत्तोबा, कारखान्याचा मशीन ऑपरेटर. त्याचे डोळे सुजून बंद झाले होते. उजवा हात कोपरापासून नको त्या बाजूला वळला होता आणि तरी एक जण त्याच हातावर पाय देऊन उभा होता. मी त्या पायाच्या नडगीवर लाठी घातली. हाड वाजलं. मला वाईट वाटलं नाही.

"मॅडम, ह्यानं मालकाला मारलं! तेलाचा व्हॉल्व्ह उघडा टाकून च्या प्यायला गेला!"

"बरं. मग तुम्ही न्यायाधीश कधी झालात? पेपरात वाचलं नाही मी."

यंत्रात साठलेलं तेल काढायला खाली एक व्हॉल्व्ह असतो. त्याच्यापाशी उभं राहून थोडं तेल काढायचं आणि बंद करायचं. उघडा राहिला तर तेलामागून अमोनिया येतो. बर्फखान्यात माणसं मरतात ती बहुतेक याच व्हॉल्व्हपायी, हे अग्निशमनच्या अधिकाऱ्यानंही सांगितलं. आणि आज तो व्हॉल्व्ह सताड उघडा सापडला होता.

दत्तोबाला स्ट्रेचरवर घालत होते, तेवढ्यात एक काळी गाडी आवारात घुसली. रावसाहेबांचा एकुलता मुलगा दिग्विजय खडकवासल्याच्या मित्राच्या फार्महाउसवरून आला, असं कुणीतरी म्हणालं. पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, पैलवानी अंग. बापाच्या प्रेताकडे त्यानं एकदाच पाहिलं. मग सरळ स्ट्रेचरपाशी जाऊन त्यानं दत्तोबाच्या बरगडीत लाथ घातली. स्ट्रेचर उलटलं. आम्ही तिघांनी मिळून त्याला मागे ओढला.

"ह्याला जित्ता ठेवणार न्हाई मी," तो म्हणाला. त्याचा आवाज पार बसला होता. "दवाखान्यात नेलं तर दवाखान्यात येऊन मारीन."

पोरं त्याच्यामागे ओरडली. त्यांच्यातला एकही जण थट्टा करत नव्हता.

२

दुपारी शवागारातून डॉ. शेफालीचा फोन आला. मृतांच्या बाबतीत तिच्याइतकं नीट ऐकून घेणारं माणूस माझ्या ओळखीत नाही.

"नंदिनी, गॅसनंच मेलाय. श्वासनलिका आतून सोललेली आहे, फुप्फुसं पाण्यानं भरलीत. पण डोक्याच्या मागच्या बाजूला जखम आहे. लोखंडी वस्तूची."

"पडला असेल."

"माणूस तोंडावर पडला तर डोकं मागून फुटतं का? आणि दोन्ही हातांची नखं उपटून निघालीत. उजव्या गालावर सरळ रेघेचा डाग आहे. तो भाजल्याचा नाही, गोठल्याचा."

"गॅसनं गोठलं?"

"टाकीतून द्रवरूपात बाहेर पडतो तेव्हा अमोनिया बर्फापेक्षा कितीतरी थंड असतो. लागेल तिथलं मांस गोठवतो. आणि वाफ झाली की ओलावा शोधत फिरतो. डोळे, तोंड, घसा, काखा, जांघा. जिथे ओल तिथे त्याचा तीव्र क्षार होतो. कोरड्या कातडीवर तो तेवढा चढत नाही. आणखी एक. थोडा गॅस खाल्लेला माणूस दिवसभर हिंडतो, बोलतो, जेवतो. दुसऱ्या दिवशी फुप्फुसात पाणी भरतं आणि कोरड्या जमिनीवर बुडून मरतो. तुझ्या त्या ऑपरेटरवर नजर ठेवायला सांग."

दत्तोबा अतिदक्षता विभागात होता. डोळ्यांवर पट्ट्या, हाताला प्लास्टर, नाकात ऑक्सिजन. दाराशी मी दोन पोलीस ठेवले होते, कारण खाली रस्त्यावर दिग्विजयची पोरं मोटरसायकली लावून बसली होती. दत्तोबाची बायको मुक्ताबाई खाटेच्या कडेला उभी होती. बसायला सांगितलं तरी बसेना.

"आज तेल काढायचा वारच न्हवता मॅडम," दत्तोबा म्हणाला. प्रत्येक शब्दाला त्याची छाती वाजत होती. "रविवारी मालक सोता मशीनची पूजा करत्यात. खंडोबाचा वार. कुनी आत थांबल्यालं त्यास्नी चालत न्हाई. म्हनून मी टपरीवर जातो. दर रविवारी जातो."

"हे कुणाकुणाला माहीत आहे?"

"समद्यास्नी."

"परत आलास तेव्हा?"

"लांबनं पांढरा धूर दिसला. पळालो. दार उघडं हुतं. मालकाचं त्वांड उंबऱ्याच्या लोखंडी पट्टीवर टेकल्यालं. काखंत हात घालून वडलं, आन मग मलाच काय दिसंना." त्यानं श्वास गोळा केला. "वरचे झरोके बंद हुते मॅडम. म्या ते कधीच लावत न्हाई. गॅस वर जातो, त्याला वाट लागती."

"हे बघा," मुक्ताबाई पहिल्यांदाच बोलली. "यांनी चूक केली आसंल तर टाका तुरुंगात. पर त्या पोरांच्या हाती देऊ नका. त्ये मारून टाकत्याल यास्नी."

आणि खरंच, खुनी सापडला नाही तर दत्तोबा दोन्हींपैकी एका वाटेनं जाणार होता. व्हॉल्व्ह त्याचा, खोली त्याची, चहासुद्धा त्याचाच. मी तिथून थेट कारखान्यात परत गेले आणि ते दार पाहिलं.

३

दार लोखंडी, बाहेरच्या बाजूला उघडणारं. बाहेरून एक जाड कडी. आतल्या बाजूच्या हिरव्या रंगावर खालपासून हातभर उंचीपर्यंत ओरखडे होते. फवाऱ्यांनी रक्त धुऊन नेलं होतं, पण एका ओरखड्यात नखाचा तुकडा अडकून राहिला होता.

उघडं दार कुणी नखांनी खरवडत नाही.

"पण मॅडम, आय फाउंड हिम," मागून आवाज आला. "दार ओपनच होतं. आय स्वेअर."

हा अभिनव, रावसाहेबांचा जावई. बाजूच्याच आयटी पार्कात नोकरी आणि कारखान्याला लागून असलेल्या सासऱ्याच्या बंगल्यात मुक्काम. गाव त्याला घरजावई म्हणायचं आणि तोही हसून घ्यायचा. बायको दीपमाला बाळंतपणासाठी मोठ्या नणंदेकडे नाशकाला गेली होती. प्रेत पहिल्यांदा पाहिलं ते यानं, तेही एकट्यानं. माझ्या मनात त्याचं नाव बरंच वर होतं.

"मी वॉकला निघालो होतो. व्हाइट फॉग दिसला. मी आत गेलो नाही, मला सरळ सांगायला लाज वाटत नाही. मी फायर ब्रिगेडला फोन केला. मग दत्तोबा आले आणि तसेच घुसले."

"सासरे मेल्यावर कारखाना कुणाचा?"

त्यानं चष्मा पुसला. "माझा. म्हणजे दीपमालाचा. गेल्या महिन्यात त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. यात्रेतल्या त्या प्रकारानंतर."

तो प्रकार मलाच काय, अर्ध्या पुण्याला ठाऊक होता. भैरवनाथाच्या यात्रेत दिग्विजयनं दारू पिऊन एका ढोलवाल्या पोराचं डोकं फोडलं. रावसाहेबांनी भर देवळासमोर पायातली चप्पल काढून मुलाला मारली, पोरगा खाली पडेपर्यंत मारली. कुणीतरी ते मोबाईलवर घेतलं आणि मग गावभर तोच तमाशा. अठ्ठावीस वर्षांचा पैलवान चपलेखाली रडतोय, हे लोक जेवताना बघत होते.

"एक गोष्ट मला कळत नाही," अभिनव म्हणाला. "अमोनिया हवेपेक्षा लाइट असतो. मी वाचलंय. बाबा खाली झोपले असते तर वाचले असते ना?"

"झोपलेच होते. दाराखालच्या फटीला गाल लावून झोपले होते. तुम्ही वाचलंत तेवढं त्यांनाही माहीत होतं. पण टाकीतून ताजा निघालेला गॅस इतका गार असतो, की हवेतल्या दमट वाफेला घेऊन त्याचं धुकं होतं आणि ते जमिनीलगतच पसरतं. गरम झाल्यावर मग वर जातो. त्यांनी अगदी बरोबर केलं आणि त्यामुळेच ते आधी मेले."

अभिनवचा चेहरा उतरला. खोटं रडणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. हा रडत नव्हता, नुसता बसला.

"दिग्विजयला कुणी कळवलं?"

"मीच. फोन केला. त्याचा आवाज इतका बसलेला होता की मला आधी ओळखूच आला नाही. रात्री पार्टी झाली असेल, असं वाटलं मला. मग मी सांगितलं, बाबा गेले."

मी वहीतून मान वर केली. दिग्विजयचा आवाज रडून बसला, असं सगळं गाव म्हणत होतं. रडायचं कारण कळण्याआधीच?

पण बसलेल्या आवाजावर कोर्ट कुणाला आत टाकत नाही. फार्महाउसवरचे चार मित्र शपथेवर सांगत होते, की दिग्विजय पहाटेपासून त्यांच्यासोबत होता.

४

सुशीलाबाई माजघरात भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांच्या डाव्या हाताचं एक बोट वाकडं जुळून आलं होतं आणि कपाळावर जुना व्रण होता. विचारायची गरज नव्हती. रावसाहेबांचा हात फक्त यात्रेतच चालत नसे.

"मावशी, दिग्विजय घरून कधी निघाला?"

"दिस उगवायच्या आधी. म्या उठवला, म्याच खंडोबाचा भंडारा लावला कपाळाला आन गेला त्यो गाडी घेऊन खडकवासल्याला." त्या पदरात तोंड घालून हलत होत्या. "देवानं खून दिली हुती मॅडम. पोराच्या कपाळावरचा भंडारा लाल झाला. पिवळ्याचं रगत झालं. तवाच माझ्या काळजात चर्र झालं. धनी जायची खून हुती ती."

"लाल झाला? कधी?"

त्यांनी पदर खाली घेतला. माझ्याकडे पाहिलं आणि एकदम गप्प झाल्या. शेजारच्या बायका मध्ये पडल्या. बाईंचा धनी गेलाय, तुम्हाला काय चौकशी सुचतेय, वगैरे. मी उठले. दुःखात माणसाला भलतंसलतं दिसतं, असं म्हणून मी ते सोडूनही दिलं.

ऊन उतरताना अंत्ययात्रा निघाली. मी नदीकाठच्या स्मशानात एका बाजूला उभी राहिले. अग्नी देणाऱ्या मुलानं अंघोळ करून उघड्या अंगानं, ओल्या पंचानं खांद्यावर पाण्याचं मडकं घ्यायचं, ही रीत. दिग्विजय शर्ट काढेना. भटजींनी दोनदा सांगितलं, चुलत्यांनी सांगितलं.

"थंडी वाजतीय," तो म्हणाला. त्या उन्हात लोकांच्या पाठीवरून घाम वाहत होता.

शेवटी शर्टासकटच त्यानं मडकं खांद्यावर घेतलं. फेऱ्या सुरू झाल्या, मागून एकानं मडक्याला भोक पाडलं आणि पाण्याची धार त्याच्या पाठीवर आली. दिग्विजय जागच्या जागी वाकला. दात इतके आवळले होते की जबड्याच्या शिरा टरारल्या. मडकं त्याच्या खांद्यावरून पडून फुटलं. बायकांनी हंबरडा फोडला. बापाच्या आठवणीनं पोरगा मोडला, असं सगळे म्हणाले.

मला मात्र त्याच्या पाठीवर चिकटलेला ओला शर्ट दिसत होता. त्यातून पाझरलेला पिवळट पू दिसत होता.

फेरीनंतर तो खोकला. खोकला लवकर थांबला नाही.

५

घरी येऊन मी वरणभात खाल्ला आणि रागाच्या भरात अर्धी वाटी कुडत्यावर सांडली. पांढरा कुडता. नळाखाली धरून साबण लावला, तशी हळद लालभडक झाली.

मराठी घरात वाढलेल्या कुठल्याही पोरीला हे माहीत असतं. आई ओरडायची, हळदीच्या डागाला साबण लावू नकोस, लाल होतो. कुंकूसुद्धा असंच करतात, हळदीला खार लावून. हळदीला क्षार भेटला की ती लाल. साबण क्षार, चुना क्षार.

आणि ओलाव्यात विरघळलेला अमोनियाही क्षारच.

मी साबणाच्या हातानंच शेफालीला फोन लावला. "खंडोबाचा भंडारा म्हणजे हळद. कपाळावर ओला भंडारा असताना माणूस अमोनियात गेला तर?"

"लाल होणार. वारा लागून गॅस उडून गेला की परत पिवळा. फार वेळ नाही टिकत तो रंग."

"म्हणजे ज्यानं तो लाल पाहिला, त्यानं गॅसनंतर लगेच पाहिला."

"कोणी पाहिलाय?"

"आईनं."

शेफालीनं विचारलं, "आणि तो मुलगा खोकतोय का?"

६

सकाळी अस्थी सावडायला पन्नासेक माणसं नदीकाठी जमली होती. दिग्विजय राखेपाशी उकिडवा बसला होता. त्याचे ओठ निळसर पडले होते आणि श्वास तोंडानं चालला होता. तरी त्याच्याभोवती त्याची पोरं कडं करून होती. माझ्याबरोबर चार पोलीस होते आणि रस्त्यावर रुग्णवाहिका.

"दिग्विजय, दवाखान्यात चल. आत्ता."

"मला काय धाड भरलीय? सर्दी हाय."

"तुला झालंय ते तुला माहीत आहे. कपडे काढावे लागतील म्हणून तू डॉक्टरकडे जात नाहीस." मी आवाज चढवला. गावानं ऐकायला हवं होतं. "काल दत्तोबा टपरीवर गेला तेव्हा तू बापाच्या मागून आत शिरलास. ते हात जोडून पूजा करत होते. तू पान्ह्यानं डोक्यात मागून मारलंस, झरोके ओढून लावलेस, तेलाचा व्हॉल्व्ह उघडलास आणि बाहेर येऊन कडी घातलीस. ते शुद्धीवर आले. दारापर्यंत सरपटत आले. नखं तुटेपर्यंत त्यांनी दार खरवडलं. तू बाहेर उभा राहून ऐकलंस."

"खोटं!"

"ओरखडे बंद दारावरचे आहेत. पण दत्तोबा आला तेव्हा दार उघडं होतं. म्हणजे मध्ये कुणीतरी कडी काढली. बंद कडीचा अपघात कुणी मानला नसता, म्हणून तू परत गेलास. लहानपणापासून ऐकलेलं होतंस, अमोनियात जायचं तर ओलं फडकं तोंडाला लावायचं. फडक्यापुरतं ते बरोबर आहे. पण तू शहाणा. पाण्याच्या टाकीतल्या बादल्या अख्ख्या अंगावर ओतून घेतल्यास! गॅस पाण्यालाच धरतो, दिग्विजय. तू भिजलास आणि तुझं सगळं अंग त्याला वाढून ठेवलंस. कडी काढताना लोंढा अंगावर आला. चिंब कपडे तसेच ठेवून घरी पळालास आणि तेवढ्या वेळात पाठ शिजली. अभिनवनं बाप मेल्याचं सांगायच्या आधीच तुझा आवाज गेला होता."

त्यानं झेप घेतली ती थेट माझ्या गळ्यावर. आम्ही दोघं राखेत पडलो. त्याचा अंगठा माझ्या नरड्यात रुतला आणि डोळ्यांपुढे काळं आलं. मी हाताला लागेल ते धरून ओढलं. त्याचा शर्ट खांद्यापासून कंबरेपर्यंत फाटला. हवालदारानं त्याला मागे खेचला आणि सगळ्यांनी ते पाहिलं. मानेपासून खाली कातडी उरलीच नव्हती, लाल, ओलं मांस होतं.

"फाटकावर लागला गॅस मला!" तो घरघरला. "मागनं आलो तवा. इचारा माझ्या दोस्तांना!" पुढचं खोकल्यात गेलं. त्यानं हात तोंडावर धरला, काढला तेव्हा तळव्यावर गुलाबी फेस होता.

पोरांनी पुन्हा कडं आवळलं. हातात काठ्या होत्या. "आमच्या माणसाला पोलिसांच्या हाती देत न्हाई. न्या म्हनलं की नेला, आन कोठडीत मारला."

मी त्यांना हाणून वाट काढू शकले असते. पण मारामारीत वेळ गेला असता आणि त्याच्याकडे वेळ नव्हता. मी बायकांच्या घोळक्याकडे वळले.

"मावशी, याच्या फुप्फुसात पाणी भरतंय. इथेच बसला तर दुपारपर्यंत जाईल. ही पोरं तुमच्याशिवाय कुणाचं ऐकणार नाहीत. आणि तिकडे दत्तोबाचा एक डोळा गेलाय. तुमच्या नवऱ्याला ओढायला आत शिरला म्हणून गेलाय. भंडारा लाल कधी झाला, एवढंच सांगा."

सुशीलाबाई पुढे आल्या. दिग्विजयनं मान हलवली. नको, नको.

"आई, त्यो तुला मारायचा. तुझ्यासाठी केलं म्या."

बोलून गेल्यावर त्याला कळलं, आपण काय बोललो ते.

"माझ्यासाठी?" सुशीलाबाई म्हणाल्या. "तीस वरीस त्यो मारत हुता. तवा तू शेजारच्या खोलीत टीव्हीचा आवाज वाढवायचास. चप्पल तुला बसली तवाच कसा रं राग आला तुला?" मग त्या पोरांकडे वळल्या. "खडकवासल्याला न्हवता ह्यो. मागल्या दारानं घरी आला. चिंब भिजल्याला, वास मारत हुता. कपाळ लाल झाल्यालं. म्याच डोस्कं धुतलं त्याचं. म्हनला, आई, कुनाला सांगू नगं. न्हाई सांगितलं. बाहेर दत्तोबाला मारत हुते, त्याचा आरडा मला न्हाणीत ऐकू येत हुता. तरीबी न्हाई सांगितलं."

ज्याच्या नडगीवर मी काल लाठी घातली होती, तो पोरगा लंगडत पुढे आला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "भाड्या, तुझ्यापायी आम्ही म्हाताऱ्याचा हात मोडला," असं म्हणून त्यानं काठी उचलली आणि दिग्विजयच्या उघड्या पाठीवर घातली. दुसऱ्यानंही उचलली. या लोकांना न्याय म्हणजे एवढंच येतं. फक्त खाली पडलेला माणूस बदलतो.

सुशीलाबाईंनी स्वतःला त्याच्या अंगावर टाकलं. दुसरी काठी त्यांच्या खांद्यावर बसली.

"बास! आता कुनी कुनाला मारायचं न्हाई!" त्या ओरडल्या, आणि पुढे आलेली पोरं थबकली. तशाच राखेत बसून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "वाचला तर न्याल ना याला?"

"हो, मावशी. जन्मठेप होईल. कदाचित फाशी."

"न्या. पर श्वास घेत न्या."

त्याला उचललं. पोरांनीच वाट दिली. रुग्णवाहिकेत सुशीलाबाई त्याच्या उशाशी बसल्या, मी पायाशी. परिचारिकेनं ऑक्सिजनचा मास्क लावला. तो त्यानं ओढून काढला आणि आईच्या तोंडावर भिरकावला.

"तू फासावर दिलंस मला," तो म्हणाला. एकेक शब्द बुडबुड्यांतून येत होता. "आई न्हाईस तू. रांड हाईस."

सुशीलाबाईंनी मास्क उचलला. पदरानं पुसला. त्याचं डोकं मांडीवर घेऊन मास्क त्याच्या तोंडावर दाबला आणि वाकड्या बोटाच्या हातानं तसाच धरून ठेवला. तो धडपडत होता, पण त्यांचा हात हलला नाही.

"आधी श्वास घे," त्या म्हणाल्या. "शिव्या मागनं दे."